तुळसाचं पथ्य

सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळता चोळता तुळसाच्या मनात आलं, यातला एक तुकडा तळून गपकन तोंडात टाकला तर देव काय करील? कोप करील. करू दे. गेला महिनाभर तिच्यावर जे चाललंय त्याहून मोठा कोप तो काय असणार!

देवबागात राहून मासा खायचा नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. एका दाराला समुद्र, दुसऱ्या दाराला खाडी, दोन्हीकडून वास घरात. श्रावण असता तर गोष्ट वेगळी. सगळा गावच खात नाही, मग आपलीही जीभ गप बसते. पण हा ऐन माघ! घरात पाहुण्यांची वर्दळ, तव्यावर दिवसभर चुरचुर, सोलकढीचे जग भरभरून टेबलावर जातायत, आणि सगळं रांधणारी बाई शेवटी स्वयंपाकघरात पाटावर बसून डाळभात गिळतेय. आंबटही वर्ज्य. डाळीत कोकमाचं एक सोल टाकायची चोरी. अशी डाळ माणसाने खायची कशी, सांगा बघू.

आणि हे सगळं कशासाठी, तर नवऱ्याने बोललेल्या नवसासाठी. गुरुदास मालवणच्या बाजारातून एक दिवस परत आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "तुळसा, मी कुणकेश्वराक बोललंय. शिवरात्रीपर्यंत तू मासळी खावची नाय. आंबटय नाय."

"तुमी बोललास आणि मी खावची नाय? असो कसो नवस?"

"तुज्या नावान बोललंय."

"कित्यासाठी, तां तरी सांगा."

"घरासाठी. सांगलो तर फळणा नाय," असं म्हणून तो जो पडवीत गेला तो गेलाच.

देवाचं नाव आलं, तुळसा गप्प बसली. पण नवस बोलणारा स्वतः समोर मांडी घालून बांगड्याचं डोकं चोखत बसायचा, तेव्हा तिला वाटायचं, ताट उचलून खाडीत भिरकवावं.

तुळसा मूळची इथली नव्हे. ती वरच्या गावातली, भातशेती-काजूवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मासा साफसुद्धा करता येत नव्हता. सासूने, हौसाबाईने, हाताला धरून शिकवलं. पहिल्या वर्षी शिंगाळ्याचा काटा तिच्या तळव्यात असा रुतला की हात सुजून भोपळा झाला होता. पुढे तिची सुरी अशी चालायला लागली की शेजारच्या रुक्मिणीसारखी समुद्रावर जन्मलेली बाईसुद्धा मोठा मासा असला की तिला हाक मारायची. सासऱ्याची रापण होती, किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. मोठ्या बोटी आल्या, रापणीला काही लागेनासं झालं, जाळी गुंडाळून पडवीच्या आढ्याला टांगली गेली. मग गुरुदासने पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी काढली. पाहुणे म्हणाले, राहायची सोय आहे का? त्याने परड्यात, घरामागच्या मोकळ्या जागेत, एक खोली बांधली. मग दुसरी. इथपर्यंत तुळसाची काही तक्रार नव्हती. हातात चार पैसे यायला लागले, मुलगी तन्वी सावंतवाडीला नर्सिंगला गेली, घरावर स्लॅब पडला.

पण तन्वी हॉस्टेलवर गेली त्याच वर्षी गुरुदासला ती बुद्धी सुचली. पाहुणे जास्त आणि खोल्या कमी. त्याने घरातल्या त्यांच्या स्वतःच्या खोलीत एसी बसवला. भिंतींना गुलाबी रंग दिला. "ह्या सीझनापुरतीच गो," म्हणाला.

तो सीझन काही संपला नाही. पावसाळ्यात बंद असते ना खोली, तेव्हा गाद्या आत रचलेल्या. दिवाळी आली की पुन्हा पाहुणे.

त्या खोलीत तुळसाचा पलंग आहे. फणसाचा. तिच्या बापाने परसातला फणस तोडून, सुताराला घरी बसवून करून घेतला आणि लेकीला दिला. रस्त्याने आणायची सोय नव्हती, तेव्हा होडीत आडवा घालून खाडीतून आणला होता. अख्खा गाव बघायला जमला होता, कारण पलंगावर नवरीही बसली होती. आता त्या पलंगाचे फोटो लोक मोबाईलवर टाकतात. पाहुणे त्यावर लोळतात, आणि पलंगाची मालकीण स्वयंपाकघरात चटईवर सासूशेजारी निजते. हौसाबाई रात्रीतून उठून पाणी पिणार आणि विचारणार, "गो, उजाडला काय?" गुरुदास पडवीत, लाईफ जॅकेटांच्या ढिगाला टेकून. नवरा-बायकोच्या मध्ये दोन भिंती, आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये कुणीतरी हनिमूनला आलेलं जोडपं. हसायला येतं ना? तुळसालाही आधी यायचं. मग येईनासं झालं.

तिला तिची खोली परत हवी होती. बस्स. दुसरं काही नको होतं, सोन्याची पाटली नको होती की गोव्याची सहल नको होती. तिने दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा गुरुदास म्हणाला, मे संपू दे. दुसऱ्यांदा म्हणाला, "एसी काय आपल्यासाठी लावलंय?" त्यानंतर तिने विषय काढला नाही. पण मनातून तो गेलाही नाही.

गुरुदासलाही बायको हवीशी वाटत नव्हती असं नाही. मध्येच कधी तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. "तुळसा, वायच भायर ये गो. वारो बरो सुटलो हा." एकदा ती गेलीसुद्धा. सुरूच्या बनात बरंच आत गेल्यावर बघतात तर पुण्याची चार पोरं गिटार घेऊन बसलेली. "काका, फोटो काढाल का आमचा?" काकांनी काढला. परत येताना तुळसा फणकारली, "ह्या वयात वाळयेत खंय फिरवतास माका? अक्कल गेली काय तुमची?" पुन्हा कधी बोलावलं तर ती नाही म्हणायची. वाळूत नको, पडवीत नको, सासू जागी असताना तर नकोच. यात चुकलं काय तिचं?

मग सुरू झालं दूध.

नवस बोलला त्याच दिवशी संध्याकाळी गुरुदास गरम दुधाचा पेला घेऊन तिच्यापुढे उभा. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःच्या हाताने तांब्यातलं पाणी ओतून घेतलं नव्हतं, तो! "पी गो. दिवसभर राबतंस. मासळी नाय पोटात, ताकद खयसून येतली?"

तुळसाचे डोळेच भरून आले. दूध थोडं कडवट लागलं, वर जायफळाचा वास. "कसला घातलास ह्याच्यात?" तर म्हणाला, "जायफळ आणि खारीक. बाजारात तयार पूड मिळता."

रोज संध्याकाळी दूध. रुक्मिणीला कळलं तेव्हा ती परड्याच्या कुंपणावरून ओरडली, "गो बाय माजे! घोव दूध हाडून देता? माज्या घोवाक पाठव गो वायच शिकाक!" तुळसा लाजली. आतून सुखावलीसुद्धा, खोटं कशाला बोला.

पण त्या दुधाने एक झालं. जायफळच ते. पाहुण्यांची जेवणं आटपून चटईवर पाठ टेकली रे टेकली की तिला मेल्यासारखी झोप लागायची. गुरुदास दारात येऊन "तुळसा, ए तुळसा" करायचा, आणि दारातली सावली बघून उत्तर यायचं हौसाबाईकडून. "निजली ती. तुका काय व्हया?" त्याला काय हवं ते आईला कसं सांगणार? तो पाय आपटत पडवीत जायचा. सकाळी त्याचं तोंड असं असायचं, जसं काही तुळसाने त्याची होडीच बुडवली. तुळसाला कळेना, दूध देणारा माणूस सकाळी करवादतो का? काय बिनसलं म्हणून विचारलं तर, "काय नाय. तुका काय फरक पडता?" असलं तिरकस बोलणं. ती मासे न खाता, आंबट न खाता, त्याच्या नवसासाठी झुरतेय आणि हा वर तिलाच बोल लावतोय. तिचं डोकं फिरायचं. चुलीशी भांडी आदळायची. पाहुणे विचारायचे, "काकू, काही पडलं का?"

शिवरात्र आठवड्यावर आली आणि तो दिवस उजाडला.

त्या दिवशी दुपारी पुण्याहून नवं जोडपं यायचं होतं. विनीत आणि संचिता. लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता. फोनवर त्यांनी तोच पलंग असलेली खोली मागून घेतली होती. तुळसाने सकाळी चादरी धुऊन परड्यातल्या दोरीवर घातल्या. बारा वाजता काढल्या, घाईघाईने पलंगावर अंथरल्या. हात जरा चुरचुरले. तिला वाटलं, साबण बदललाय, त्याचंच असेल. कोपरापर्यंत खाजवत ती माशाकडे वळली.

जोडपं आलं. पोरगी गोड होती, "काकू, किती छान वास सुटलाय," म्हणाली. दोघं पोटभर जेवली, सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुळसा पाटावर बसली. डाळभात कालवला. पहिला घास उचलला आणि खोलीतून किंकाळी आली.

दार धाडकन उघडलं. विनीत नुसत्या हाफपँटवर बाहेर. अंगभर लाल लाल. दोन्ही हातांनी पाठ ओरबाडतोय. मागून संचिता, ती तर रडत होती. "काहीतरी चावतंय! आग होतेय! ढेकूण आहेत का तुमच्याकडे?"

"माझ्या घरात ढेकूण?" तुळसाचा अपमान झाला. ती तरातरा आत गेली, चादर उचलून झटकली. हात, मान, गळा, सगळीकडे एकदम हजार सुया. "आये गो!" करून तीही बाहेर पळाली.

हौसाबाई काठी टेकत आली. तिला कमी ऐकू येतं, पण डोळे शाबूत आहेत. तिने चादर काठीनेच उजेडात ओढली. कापडावर बारीक, सोनेरी लव चमकत होती.

"खाजकुयली ही," म्हातारी म्हणाली. "घरात कोणी हाडल्यान? पाणी मारू नकात, आणि चोळू नकात. शेण लावा."

रुक्मिणी आरडाओरडा ऐकून आलीच होती, ती गोठ्यातून घमेलं भरून शेण घेऊन आली. पुण्याची पोरगी ते घमेलं बघून आणखी मोठ्याने रडायला लागली. "मी हे लावणार नाही! विनीत, मला डॉक्टरकडे ने!" विनीत म्हणाला, "काकू, मी तुमचं सगळं इंटरनेटवर लिहिणार आहे. सगळं." शेवटी खोबरेल तेल चोपडून दोघांना रिक्षात बसवलं. रिक्षावाला त्यांना मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. बॅगा त्यांनी नंतर दुसऱ्या माणसाकडून मागवून घेतल्या. तुळसाच्या घराकडे त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही तेच बरं, कारण काकूंच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत शेण होतं.

आता प्रश्न असा की खाजकुयली आली कुठून? देवबागात वाळू, माड आणि सुरू. तो वेल डोंगरातला, काजूच्या बागांतल्या कुंपणांवरचा. तुळसाच्या माहेरी शेंबडं पोरसुद्धा ती शेंग दिसली की लांबून वळसा घालून जातं.

तेवढ्यात वरून, स्लॅबवरून, जिन्याने गुरुदास खाली आला. हातात होडीवरचे रबरी हातमोजे, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला टॉवेल. आणि मान, कान, कपाळ नखांनी सोलून काढलेलं.

तुळसा जिना चढून वर गेली. स्लॅबवर ताडपत्री, ताडपत्रीवर वाळत घातलेल्या शेंगा, पोतंभर. समुद्रावरून वारा भणाणत होता. स्लॅबच्या बरोबर खाली परडं, परड्यात चादरींची दोरी. खाडीतला हा माणूस वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय होडी काढत नाही, आणि इथे? शेंगांना हात लावायचा नाही एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं असणार. शेंगांची लव उडते हे सांगायला तो माणूस विसरला असेल, किंवा डोंगरातल्या माणसाला वाटलं असेल, हे काय सांगायची गोष्ट आहे!

ती खाली आली. खाजकुयलीच्या बिया कशासाठी न्यायला लोक येतात ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. माहेरी पुरुषमाणसं ओटीवर बसून हळू आवाजात बोलायची, बिया दुधात उकडायच्या, साल काढायची, पूड करायची, मग म्हातारा घोडासुद्धा उधळतो म्हणे. बायका आत तोंडाला पदर लावून हसायच्या.

गुरुदास पडवीत लाईफ जॅकेटांवर बसला होता, आईने लावलेलं शेण मानेवर वाळत चाललेलं. त्याला तसा बघून तुळसाचा राग एकदम उतरला. बिचारा! स्वतःत काही कमी पडलं असं वाटलं असणार, कुणाला सांगता येईना, म्हणून असले उद्योग. म्हणून सकाळी करवादणं. ती त्याच्याजवळ बसली.

"अवो," ती हळूच म्हणाली, "माका सांगूक काय झाला होता? ह्याच्यात लाज कसली? वय झाला की सगळ्यांचाच तसा होता. डॉक्टराकडे जावया, कुडाळाक. हंय कोणाक कळाचा नाय."

गुरुदासने तिच्याकडे बघितलं. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ताडकन उठला.

"माका काय झाला? माका काय्येक झालेला नाय! तां माज्यासाठी नाय गो. तां तुज्यासाठी!"

हौसाबाई कानाला हात लावून "काय म्हणता तो?" विचारत होती.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. तुळसा नाही म्हणायला लागली म्हणून त्याने मालवणच्या बाजारात कुणाकडे तरी विषय काढला. त्या कुणीतरी वरच्या गावातल्या बाबलीचं नाव सांगितलं. बाबली झाडपाल्याचं औषध देतो. त्याची रीत अशी, की नारळ ठेवायचा, औषध उचलायचं आणि मागे न बघता निघायचं. औषध ज्याच्यासाठी त्याला सांगायचं नाही, सांगितलं तर गुण जातो. काळी मुसळी, खाजकुयलीच्या बियांची पूड, जायफळ, संध्याकाळी दुधातून. पथ्य माशाचं आणि आंबटाचं. पण बायकोला पथ्य कसं पाळायला लावायचं? तेव्हा गुरुदासने कुणकेश्वराला मध्ये घातलं. महिना झाला, गुण येईना, उलट बायको जास्तच घोरायला लागली. बाबलीची पूडच कमी पडतेय असं वाटून त्याने तन्वीच्या मावशीच्या काजूच्या बागेतून पोतंभर शेंगा आणल्या, आपण घरीच जास्त कडक पूड करू म्हणून.

"म्हणजे नवस नायच?" तुळसाने विचारलं.

"नाय."

"देवाचा नाव घेवन खोटा बोललास?"

"तुज्या बऱ्यासाठीच ना गो. तुजी इच्छाच मेली म्हणान..."

आणि तुळसा उठली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला 'तुमी' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"माजी इच्छा मेली? तुका कोणी सांगला रे? इचारलंस माका? दूध पाजलंस, पथ्य लावलंस, देवाक फसवलंस, डोंगर चढून त्या बाबल्याचे पाय धरलंस, पण माका एकदा तोंडान इचारूक तुज्या जिभेक काय झाला होता? माजी इच्छा हाय रे मेल्या! पण ती ठेवू खंय? तुज्या आवशीच्या उशाशी? पाण्याच्या कळशीमागे? त्या पोरांच्या गिटाराफुडे? माजो पलंग तू लोकांक दिलंस. माज्या बापाशीन दिलेलो पलंग! त्याच्यार रोज नवी माणसां येवन हसतत, आणि मी भिंतीपलीकडे आयकतंय आणि उद्याच्या चटणीचा खोबरा किसतंय. आणि औषध माका व्हया?"

रुक्मिणी कुंपणापाशी उभी होती, घमेलं हातात. तिला तोंड बंद ठेवलेलं गावाने पहिल्यांदा बघितलं असेल.

गुरुदासने वाळलेलं शेण नखाने उकरलं. मान खाजवली. मग म्हणाला, "तां माज्या ध्यानातच इला नाय गो."

खोटं नव्हतं ते. खरंच आलं नव्हतं. आणि तुळसाला जास्त संताप आला तो याच गोष्टीचा, की हा माणूस लबाड असता तर परवडला असता. लबाडाशी भांडता येतं. ज्याच्या लक्षातच येत नाही त्याचं काय करायचं? तिला रडूच कोसळलं. डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला शेण. तिला ते पुसताही येईना.

मग वाळलेलं शेण झाडून ती कामाला लागली. दुसरं काय करणार? चादरी, उशा, गादी, सगळं काठीने ओढून लांब वाळूवर नेऊन टाकलं. खोली ओल्या फडक्याने पुसली, पलंगाचे खूर, पाट्या, कोपरे तिने ओल्या फडक्याने टिपून घेतले, दोनदा, तीनदा, मग तेलाचा हात फिरवला. फणसाचं लाकूड पिवळंधमक दिसायला लागलं. गुरुदास न सांगता बादल्या भरून आणत होता. शेंगांचं पोतं त्याने खड्डा काढून पुरलं, तेही वाऱ्याकडे पाठ करून.

तुळसाने स्वयंपाकघरातली आपली चटई आणली आणि पलंगावर अंथरली. आपली पत्र्याची ट्रंक आणली. देवीचा फोटो आणला आणि एसीखालच्या खिळ्याला लावला.

गुरुदास दारात उभा. "तुळसा, उद्या साताऱ्याचे येतले..."

"येंवदेत. पडवीत जागो आसा."

मग तिने चूल पेटवली. सकाळचे बांगडे होते, त्यातले दोन मसाला लावून तव्यावर टाकले. वाटीभर सोलकढी घेतली. पाट घेतला. समोरच्या पाटावर नवऱ्याचं ताट वाढलं. डाळभात आणि वालीची भाजी.

"ह्यां काय?" गुरुदास म्हणाला.

"पथ्य. आजपासून तुमचा."

'तुमी' परत आलं होतं. पण ते काही गुरुदासच्या बाजूने आलं नव्हतं. तिने बांगड्याचं डोकं मोडलं आणि आवाज करत चोखलं. गुरुदास बिनकोकमाची डाळ खाली बघून जेवत राहिला. एक महिना ही बाई असली डाळ जेवत होती, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या घासाला कळलं असावं, कारण त्याचा हात थांबला.

जेवण संपतंय तोच फोन वाजला. गुरुदासने घाईने डावा हात लुंगीला पुसला आणि फोन कानाला लावला. पाहुण्यांशी तो एकदम पुस्तकातली भाषा बोलतो. "बोला साहेब... हो, हो, समुद्राजवळच... फणसाचा पलंग? हो, आहे ना..."

तुळसाने मासा खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

गुरुदासने तिच्याकडे पाहिलं. मग ताटातल्या डाळीकडे. पलीकडचा माणूस बोलतच होता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मिळणार नाही ती खोली. नाही, बुकिंग नाही... पुढच्या आठवड्यातही नाही... नाही हो, दुरुस्ती वगैरे काही नाही." तो अडला. कपाळावरचं सोललेलं त्याने जपून खाजवलं. "आम्ही राहतो तिथे. मी आणि माझी बायको."

फोन ठेवून तो उठला, हात धुतला. तुळसाने भांडी आवरली, उगाच जरा जास्तच वेळ लावला. मग खोलीत जाऊन पलंगाच्या काठावर बसली. गुरुदास स्वतःच्याच खोलीच्या दारात, नव्या पाहुण्यासारखा, चपला हातात घेऊन उभा होता.

"येवू?"

तिचा राग गेला नव्हता. तो एवढ्यात जाण्यातला नव्हताच. शिवरात्रीला कुणकेश्वराला जाऊन या माणसाला नाक घासायला लावायचं, हे तिने बांगडा खातानाच ठरवलं होतं. हातांची आग अजून होत होती. बाहेर अजून पांढरंफटक ऊन होतं, चार वाजायचे होते.

"दार लावन घेवा," ती म्हणाली.

आतून कडी लागली. पडवीतल्या हौसाबाईला तिचा आवाज ऐकू आला नाही, पण बंद दार दिसलं.

"गो तुळसा," ती ओरडली, "त्या खोलयेत पावणे इले काय?"

"नाय गो आये," आतून तुळसा ओरडली. "घरचीच माणसां."

"मगे चाय कधी ठेवू?"

आतून तुळसाचं हसू आलं, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, जिथे बसून ती स्वतः आजवर दुसऱ्यांचं हसू ऐकत आली होती, तिथे या वेळी कुणीही नव्हतं.